अन्ननलिकेचा कर्करोग : घास अडकतो तेव्हा

अन्न तोंडात घातले, चावले आणि गिळले, की पुढे त्याचे काय होते याचा विचार आपण सहसा करीत नाही. घशापासून जठरापर्यंतचा त्याचा प्रवास आठ-दहा सेकंदांत, आपल्या नकळत पूर्ण होतो. म्हणूनच या प्रवासात पहिल्यांदा अडथळा येतो तेव्हा तो गंभीर असेल, असे कुणालाच वाटत नाही. ‘घाईघाईत जेवलो’, ‘भाकरी कोरडी होती’, ‘पित्त झाले असेल’ अशी कारणे शोधली जातात. घोटभर पाणी प्यायले की घास खाली उतरतो आणि विषय तेथेच संपतो. काही दिवसांनी भाकरीची जागा आमटीत कुस्करलेली पोळी घेते. मग वरणभात, त्यानंतर मऊ भात, आणि शेवटी पेज. ‘वय झाले, दात राहिले नाहीत’ असे म्हणून घरातील माणसेही ताटातला हा बदल स्वीकारतात. भाकरीपासून पेजेपर्यंतच्या या वाटेवर तीन-चार महिने सहज निघून जातात. अन्ननलिकेच्या कर्करोगात नेमके हेच महिने सर्वाधिक मोलाचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केलेल्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे ५ लाख ११ हजार लोकांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ४ लाख ४५ हजार लोक त्याने दगावले. भारतात त्या वर्षी नव्या रुग्णांची संख्या ७० हजारांच्या घरात होती. नवे रुग्ण आणि मृत्यू यांच्या आकड्यांत इतके थोडे अंतर असावे, ही बाब भीतिदायक खरीच. परंतु या रोगावर उपचार नाहीत, असा तिचा अर्थ नव्हे. बहुसंख्य रुग्ण रोग बराच पुढे गेल्यावर डॉक्टरांपर्यंत पोहोचतात, हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे.

लक्षण उशिरा का दिसते?

प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारणतः २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची बनलेली नळी असते. मानेत ती श्वासनलिकेच्या मागे सुरू होते, छातीत हृदयाच्या मागून आणि महारोहिणीच्या शेजारून खाली उतरते व श्वासपटलातील छिद्रातून पोटात शिरून जठराला मिळते. ही नळी ताठ नसते. घास मोठा असेल तर ती ताणली जाते आणि घास पुढे सरकला की पुन्हा मिटते.

तिचा हा लवचीकपणाच रोग लपवितो. आतील अस्तरावर लहानशी गाठ अथवा व्रण निर्माण झाला, तरी उरलेला भाग ताणला जाऊन अन्नाला वाट करून देतो. सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत सहज रुंदावणारा हा मार्ग साधारण १३ मिलिमीटर वा त्याहून अरुंद होतो, तेव्हा घट्ट अन्न अडकू लागते. याचा अर्थ असा, की पहिला घास अडकतो त्या दिवशी रोग नवा असेलच असे नाही. बहुधा तो काही काळापासून वाढत असतो.

दुसरी अडचण रचनेची आहे. जठर वा आतडे यांच्यावर बाहेरून जसे एक पातळ आवरण असते, तसे अन्ननलिकेच्या बहुतांश भागावर नसते. शिवाय तिच्या अस्तराखाली लसीकावाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यामुळे या नळीतील कर्करोग लसीकाग्रंथींमध्ये आणि शेजारच्या अवयवांमध्ये तुलनेने लवकर पसरतो. लक्षण उशिरा आणि प्रसार लवकर, अशा दुहेरी कोंडीमुळे हा रोग अवघड ठरतो.

दोन प्रकार, दोन वाटा

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अन्ननलिकेचे अस्तर चपट्या पेशींचे असते. या पेशींपासून निर्माण होणाऱ्या कर्करोगास ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ म्हणतात. तो प्रामुख्याने नळीच्या वरच्या व मधल्या भागात आढळतो. भारतात, तसेच जगातही, बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात. इराणमधील कॅस्पियन समुद्राच्या परिसरापासून मध्य आशियामार्गे उत्तर चीनपर्यंत या प्रकारच्या कर्करोगाचा पट्टाच आहे. आपल्या देशात काश्मीर आणि ईशान्येकडील आसाम, मेघालय या राज्यांमध्ये त्याचे प्रमाण विशेष आहे.

दुसरा प्रकार ‘ॲडिनोकार्सिनोमा’. हा नळीच्या खालच्या टोकाशी, जठराच्या तोंडाजवळ होतो. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे अन्ननलिकेत उलटे येत राहिले, तर खालच्या भागातील अस्तराचे स्वरूप बदलते आणि ते आतड्याच्या अस्तरासारखे दिसू लागते. ब्रिटिश शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांच्या नावावरून या बदलाला ‘बॅरेट्स इसोफेगस’ असे नाव मिळाले. असा बदल झालेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग कधीच होत नाही. परंतु थोड्यांच्या बाबतीत पुढे कर्करोगाची वाट तेथूनच फुटते. पोटाचा वाढता घेर, लठ्ठपणा आणि त्यामुळे बळावणारा आम्लाचा त्रास यांमुळे अमेरिका व ब्रिटन येथे गेल्या काही दशकांत हा प्रकार वेगाने वाढला. तेथे आता तोच अधिक आढळतो. बैठे काम आणि रात्री उशिराचे जड जेवण ही आपल्या शहरांचीही जीवनशैली होत असल्याने, या अनुभवाकडे आपण दुर्लक्ष करता कामा नये.

तंबाखू, मद्य आणि वाफाळता चहा

स्क्वॅमस प्रकाराच्या कारणांमध्ये तंबाखूचा क्रमांक पहिला लागतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच धोका असतो, हा मोठा गैरसमज आहे. चुन्याबरोबर मळून खाल्लेली तंबाखू, गुटखा, मावा, विदर्भातील खर्रा, या सर्वांतील विषारी द्रव्ये लाळेबरोबर गिळली जातात आणि अन्ननलिकेच्या अस्तराला भिडतात. तंबाखू जाळून केलेली मिश्री दातांना लावण्याची सवय आपल्याकडे स्त्रियांमध्येही आहे. तिला व्यसन मानलेच जात नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावरही ती सांगितली जात नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मात्र सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून घेऊन एकत्र खाल्ली, तर शरीराच्या दृष्टीने फरक काहीच पडत नाही. तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केले आहे.

मद्याचे शरीरात पचन होताना ‘ॲसिटाल्डिहाइड’ नावाचे द्रव्य तयार होते. ते पेशींतील जनुकीय घटकांना इजा करते. मद्य आणि तंबाखू ही दोन्ही व्यसने एकत्र असली, की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

तिसरे कारण अनेकांना आश्चर्याचे वाटेल. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये पिण्याची सवय ही ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचा निर्वाळा याच संस्थेने २०१६ मध्ये दिला. इराणच्या गोलेस्तान प्रांतात सुमारे ५० हजार लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला ७०० मिलिलिटरहून अधिक चहा ६० अंश वा त्याहून अधिक तापमानाला पिणाऱ्यांमध्ये हा कर्करोग होण्याचा धोका, कमी आणि कोमट चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत ९० टक्क्यांनी जास्त आढळला. येथे दोष चहाचा नसून चटक्याचा आहे. चहा सोडण्याची गरज नाही. कपात ओतल्यावर चार-पाच मिनिटे थांबणे पुरेसे आहे.

याखेरीज भाज्या व फळांचा अभाव असलेला आहार, ‘ॲकॅलेशिया’ हा अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा विकार, पूर्वी कधी ॲसिड वा कॉस्टिक सोडा पोटात गेल्याने झालेली इजा, तसेच तीव्र लोहन्यूनतेबरोबर घशाशी पडदा तयार होणारा व विशेषतः स्त्रियांत दिसणारा विकार, यांमुळेही धोका वाढतो. कोणतेही कारण नसताना हा रोग झालेले रुग्णही असतात. त्यामुळे ‘मला कसलेच व्यसन नाही’ ही गोष्ट घास अडकण्याकडे दुर्लक्ष करण्याचे निमित्त होऊ शकत नाही.

लक्षणे कशी ओळखावीत?

सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे गिळताना होणारा अडथळा, आणि तो क्रमाक्रमाने वाढत जाणे. प्रारंभी भाकरी, मटणाचा तुकडा, सफरचंद असे घट्ट पदार्थ अडकतात. नंतर मऊ अन्न, आणि अखेरीस पाणी व लाळही. रुग्ण बहुधा छातीच्या हाडामागे बोट ठेवून ‘येथे अडकते’ असे दाखवितो. मात्र रोगाची जागा प्रत्यक्षात त्याहून खाली असू शकते.

दुसरे लक्षण वजन घटण्याचे. काही महिन्यांत, कोणताही प्रयत्न न करता कपडे सैल होऊ लागले, तर ते वाढत्या वयाचे लक्षण समजू नये. गिळताना दुखणे, छातीत किंवा पाठीत कळ येणे, न पचलेले अन्न तोंडात परत येणे, तोंडात सतत लाळ साचणे, रक्तक्षय होऊन थकवा येणे, अशा तक्रारीही आढळतात. आवाज घोगरा होणे म्हणजे स्वरयंत्राकडे जाणाऱ्या मज्जातंतूला रोगाने वेढल्याची शक्यता असते. पाणी पिताच ठसका लागत असेल, तर अन्ननलिका व श्वासनलिका यांच्यामध्ये छिद्र पडले असण्याचा संभव असतो. ही शेवटची दोन लक्षणे रोग पुढे गेल्याची सूचना देतात.

घास अडकणे म्हणजे कर्करोगच, असे मात्र मुळीच नाही. ॲकॅलेशियामध्ये बहुधा सुरुवातीपासूनच घट्ट आणि पातळ दोन्ही पदार्थ अडकतात. आम्लामुळे झालेल्या जुन्या व्रणाने नळी आकुंचन पावते. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया बिघडते. मनावरील ताणामुळे घशात गोळा असल्यासारखे वाटते. पण अशा वेळी जेवण विनासायास खाली उतरते. यांपैकी बहुतेक विकारांवर चांगले उपचार आहेत. प्रश्न इतकाच, की यांतले कोणते आपल्याला झाले आहे हे घरी बसून ठरविता येत नाही.

येथेच एक सामान्य चूक घडते. औषधाच्या दुकानातून पित्तावरील गोळ्या आणून महिनोन्महिने घेतल्या जातात. या गोळ्यांनी जळजळ थांबते, क्वचित व्रणही वरवर बरा झाल्यासारखा दिसतो आणि निदान आणखी लांबणीवर पडते. ब्रिटनमध्ये २०१५ साली जारी झालेल्या मार्गदर्शक सूचनांत, गिळण्यास अडथळा होत असलेल्या रुग्णाची एंडोस्कोपी दोन आठवड्यांच्या आत करावी असे सांगितले होते. आपणही हीच मुदत ध्यानात ठेवावी.

एंडोस्कोपीची भीती नको

अन्ननलिकेत डोकावण्याचा पहिला यशस्वी प्रयोग जर्मन वैद्य ॲडॉल्फ कुसमॉल यांनी १८६८ मध्ये केला. त्यांची नळी सरळ आणि ताठ असल्याने त्यांना तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाची मदत घ्यावी लागली! १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण वापरात आणली आणि ही तपासणी सामान्य रुग्णांच्या आवाक्यात आली. आजची दुर्बीण करंगळीएवढ्या जाडीची असते. सुमारे सहा तास उपाशी राहावे लागते, घशात बधिरीकरणाचा फवारा मारतात, हवे असल्यास गुंगीचे इंजेक्शन देतात. तपासणी दहा-पंधरा मिनिटांत उरकते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

संशयास्पद जागेवरून चिमट्याने बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. हीच बायॉप्सी. तिच्याशिवाय कर्करोगाचे निदान पक्के होत नाही आणि प्रकार कळत नाही. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आजही सुशिक्षित घरांतसुद्धा ऐकू येते. तिला कोणताही आधार नाही. रोग पसरतो तो तपासणीमुळे नव्हे, तर तपासणी टाळण्यात गेलेल्या काळामुळे.

अगदी सुरुवातीचा रोग नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. अशा वेळी अस्तरावर आयोडीनचे द्रावण फवारतात. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन असल्याने त्या तपकिरी होतात आणि रोगट भाग फिकाच राहतो. विशिष्ट रंगाच्या प्रकाशाचा उपयोग करणाऱ्या दुर्बिणींमुळेही हे काम सोपे झाले आहे. बेरियमचे पांढरे द्रावण पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये नळी कोठे व किती अरुंद झाली आहे ते दिसते. पण तो एंडोस्कोपीला पर्याय नव्हे.

निदान झाल्यावर पुढचा प्रश्न असतो रोगाच्या टप्प्याचा. त्यासाठी छाती व पोटाचा सीटी स्कॅन, दूरवरचा प्रसार शोधणारा पेट-सीटी, आणि रोग भिंतीत किती खोल गेला आहे हे दाखविणारी दुर्बिणीद्वारे केलेली सोनोग्राफी यांचा आधार घेतात. रोग श्वासनलिकेच्या शेजारी असेल, तर तिचीही दुर्बिणीने तपासणी करतात. या तपासण्यांत आठ-दहा दिवस गेले तरी ते वाया जात नाहीत, कारण उपचारांची सारी दिशा त्यांवरून ठरते.

टप्पा किती महत्त्वाचा असतो, हे अमेरिकेतील नोंदींवरून कळते. रोग अन्ननलिकेपुरता मर्यादित असताना निदान झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे पाच वर्षांनंतर हयात असतात. लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचल्यावर हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते, आणि दूरच्या अवयवांत पसरल्यावर पाच-सहा टक्क्यांवर घसरते.

उपचारांचे मार्ग

रोग अस्तराच्या अगदी वरच्या थरापुरता असेल, तर छाती उघडण्याची गरज पडत नाही. एंडोस्कोपीतूनच तेवढा थर सोलून काढता येतो. जपानी डॉक्टरांनी विकसित केलेले हे तंत्र आता भारतातील मोठ्या शहरांतही उपलब्ध आहे. मात्र इतक्या लवकर निदान होणारे रुग्ण आपल्याकडे थोडे असतात.

रोग भिंतीत खोलवर किंवा जवळच्या लसीकाग्रंथींमध्ये असेल, परंतु दूर पसरलेला नसेल, तर तो समूळ बरा करण्याच्या उद्देशाने एकाहून अधिक उपचार एकत्र केले जातात. छातीतील अन्ननलिका काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी १९१३ मध्ये केली. ती स्त्री रुग्ण त्यानंतर बारा वर्षांहून अधिक काळ जगली. पण तिला शरीराबाहेरून जोडलेल्या रबरी नळीतून अन्न घ्यावे लागे. आज जठरालाच नळीचा आकार देऊन ते वर ओढतात आणि छातीत अथवा मानेत उरलेल्या अन्ननलिकेशी जोडतात. रुग्ण पुन्हा तोंडाने जेवू लागतो.

शस्त्रक्रिया हा एकमेव उपाय मात्र आता राहिलेला नाही. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उपचारांची पद्धत बदलली. या चाचणीत ३६६ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटावर थेट शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाला आधी पाच आठवडे केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र देऊन मग शस्त्रक्रिया केली. पहिल्या गटात रुग्णांचा मध्यम आयुष्यकाल २४ महिने होता, तर दुसऱ्या गटात तो ४९ महिन्यांवर गेला. भारतात अधिक आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारात हा फायदा आणखी मोठा होता. या प्रकाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कर्करोगाची एकही पेशी शिल्लक आढळली नाही.

खालच्या टोकाच्या ॲडिनोकार्सिनोमाबाबत आता वेगळा विचार पुढे आला आहे. ‘इसोपेक’ या जर्मन चाचणीचे २०२४ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष असे दाखवितात, की या प्रकारात शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर चार औषधांची केमोथेरपी दिल्यास, ‘क्रॉस’ पद्धतीपेक्षा रुग्ण अधिक काळ जगतात. बायॉप्सीत रोगाचा प्रकार कळणे किती आवश्यक आहे, हे यावरून लक्षात यावे.

मानेतील भागात रोग असेल तर शस्त्रक्रियेत स्वरयंत्र गमावण्याची शक्यता असते. अशा रुग्णांना, तसेच शस्त्रक्रिया न पेलवणाऱ्या रुग्णांना, केमोथेरपी व किरणोपचार एकत्रितपणे सुमारे साडेपाच आठवडे दिले जातात. केवळ किरणोपचार आणि दोन्ही एकत्र यांची तुलना करणाऱ्या अमेरिकी चाचणीत, केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर एकही रुग्ण हयात नव्हता. दोन्ही उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. म्हणजे शस्त्रक्रिया होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले तरी आशा संपत नाही.

शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणाऱ्या ‘इम्युनोथेरपी’ची भर अलीकडे पडली आहे. आधी केमो-किरणोपचार व नंतर शस्त्रक्रिया होऊनही काढलेल्या भागात रोगाचे अंश सापडले, तर निव्होलुमॅब हे औषध वर्षभर दिल्याने रोग परतण्यापूर्वीचा काळ ११ महिन्यांवरून २२ महिन्यांवर गेल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. ही औषधे अतिशय महाग आहेत आणि सर्वांनाच लागू पडत नाहीत. त्यामुळे ती घेण्यापूर्वी अपेक्षित लाभ किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर

मान, छाती आणि पोट या तिन्ही भागांशी संबंध येणारी ही शस्त्रक्रिया मोठी आहे, आणि तिचे यश एकट्या शल्यविशारदावर अवलंबून नसते. भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग, श्वसनाचा व्यायाम घेणारे फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांचा त्यात मोठा वाटा असतो. ज्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया वरचेवर होतात, तेथे मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे जगभरच्या अनुभवातून सिद्ध झाले आहे. म्हणून ‘वर्षाला येथे अशा किती शस्त्रक्रिया होतात?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये. छातीवर मोठी चीर न घेता दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसातील जंतुसंसर्ग कमी होतो, असेही दिसून आले आहे.

रुग्णाच्या हातीही बरेच असते. निदान होताच तंबाखू व धूम्रपान बंद करणे, तीन चेंडूंच्या उपकरणाने फुप्फुसांचा व्यायाम करणे, रोज चालणे आणि वजन आणखी घटू न देणे, या चार गोष्टींनी शस्त्रक्रियेतील धोका कमी होतो. घास उतरत नसेल तर नाकातून जठरात किंवा पोटावरून थेट आतड्यात बारीक नळी घालून पोषण देतात. ‘नळी लागली म्हणजे सगळे संपले’ असे नातेवाइकांना वाटते. वास्तविक ती उपचार पेलण्याची ताकद राखण्यासाठी असते आणि अनेकांच्या बाबतीत तात्पुरती असते.

शस्त्रक्रियेनंतर जठर पूर्वीसारखे अन्न साठवू शकत नाही. त्यामुळे दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे, जेवताना पाणी कमी प्यावे, गोड पदार्थ एका वेळी भरपूर खाऊ नयेत, जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये आणि झोपताना पलंगाची डोक्याकडील बाजू उंच ठेवावी. पहिले काही महिने कठीण जातात; पुढे शरीर नव्या व्यवस्थेला सरावते.

रोग दूर पसरला असेल तर

यकृत, फुप्फुस वा हाडांपर्यंत पोहोचलेला रोग सहसा समूळ बरा होत नाही. तरीही अशा रुग्णासाठी करण्याजोगे पुष्कळ असते. अरुंद जागी आपोआप उलगडणारी धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, एंडोस्कोपीतून बसविता येते आणि एक-दोन दिवसांत रुग्ण मऊ अन्न गिळू लागतो. किरणोपचारांनीही वाट मोकळी होते. केमोथेरपी आणि निवडक रुग्णांत तिच्या जोडीने इम्युनोथेरपी दिल्यास आयुष्य वाढते. वेदनाशमनासाठी मॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास ‘व्यसन लागेल’ ही भीती बाळगण्याचे कारण नाही. आपल्या माणसाला स्वतःच्या हाताने चार घास भरविता येणे, याचे मोल अशा घरांनाच ठाऊक असते.

खर्चाची चिंता हे उपचार लांबणीवर पडण्याचे आणखी एक कारण. १९४१ मध्ये परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि अन्य शासकीय व धर्मादाय रुग्णालयांत तुलनेने कमी खर्चात उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. निदान होताच रुग्णालयातील समाजसेवा विभागाला भेटून कागदपत्रांची पूर्तता करावी.

घरातल्यांनी ताटाकडे पाहावे

अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी सर्वसामान्य लोकांची सरसकट तपासणी करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्यामुळे रोग ओळखण्याची पहिली जबाबदारी डॉक्टरांआधी घरावर येते. रुग्ण स्वतः तक्रार करीलच असे नाही. पण ताट बोलते. पानात रोज शिल्लक राहणारी भाकरी, प्रत्येक घासाबरोबर घेतले जाणारे पाणी, जेवायला लागणारा दुप्पट वेळ, चारचौघांत जेवण्याचा टाळाटाळ, सैल पडलेला सदरा वा ब्लाउज, या गोष्टी सोबत जेवणाऱ्याच्या ध्यानात आधी येतात. वयाची चाळिशी उलटलेल्या, विशेषतः तंबाखू, मिश्री वा मद्याची सवय असलेल्या माणसाच्या बाबतीत हे दिसले, तर पोळी मऊ करून वाढण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

घास अडकणे दोन आठवड्यांहून अधिक काळ सुरू असेल, अथवा त्याबरोबर वजन घटत असेल, तर एंडोस्कोपी करून घ्यावी. तपासणीत काहीच आढळले नाही, तर चिंता मिटते. साधा विकार निघाला, तर त्यावर इलाज होतो. आणि कर्करोग निघालाच, तर तो पेजेपर्यंत पोहोचण्याआधी, भाकरीच्याच टप्प्यावर सापडतो. बरे होण्याची खरी संधी तेथेच असते.